कोणता चार्ज?

भांडी आवरून रेडिओजवळ बसलात ना? आज आपण एकाच शब्दावर बोलणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या तोंडात इतका बसलाय की परका वाटतच नाही. तो शब्द म्हणजे चार्ज.

कालचाच माझा दिवस सांगते. सकाळी मोबाइल चार्जिंगला लावला. दहा वाजता बँकेत गेले, तर खिडकीपाशी एक आजी विचारत होत्या, "साहेब, माझ्या खात्यातून हे 17 रुपये 70 पैसे कसले कापले?" आतून उत्तर आलं, "चार्ज आहे." तिथून तलाठी कार्यालयात गेले, तर दाराला कुलूप. शेजारचे म्हणाले, "भाऊसाहेबांकडे दुसऱ्या सज्जाचाही चार्ज आहे, उद्या या." संध्याकाळी बातम्या लावल्या. एका खटल्यात चार्जशीट दाखल झाली होती आणि कुठेतरी लाठीचार्ज झाला होता. एका दिवसात पाच चार्ज ऐकले आणि पाचांचे अर्थ पाच.

यात बोलण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तर आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट ऐका. नाव सांगत नाही, तिची परवानगी घेऊन गोष्ट मात्र सांगते.

तिच्या दिराने कर्ज काढलं होतं. उतारा सामाईक, म्हणून हिचीही सही लागली. समोरचा माणूस म्हणाला, "वहिनी, उताऱ्यावर चार्ज चढेल, इथे सही करा." हिने विचारलं, "किती चार्ज?" तो हसून म्हणाला, "तुम्हाला काही द्यायचं नाही." हिला वाटलं, फी माफ आहे. सही केली. पुढे दिराने कर्ज पूर्ण फेडलं आणि सगळे विसरूनही गेले. तीन वर्षांनी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ही दुसऱ्या बँकेत कर्ज मागायला गेली. तिथल्या बाईंनी उतारा बघितला आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या जमिनीवर आधीच बोजा आहे." तो 'चार्ज' म्हणजे हा बोजा! कर्ज फिटलं होतं, पण बोजा उताऱ्यावर तसाच होता. तो काढायला दीड महिना गेला. फी भरायची तारीख आठ दिवसांवर होती. शेवटी गटाने अंतर्गत कर्ज दिलं म्हणून मुलीचा प्रवेश वाचला.

त्या दिवशी तिच्यासमोर कुणी 'बोजा' हा शब्द उच्चारला असता, तर ती सहीआधी दहा प्रश्न विचारून मोकळी झाली असती. बोजा म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला सांगावं लागत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळत असताना माझ्या बहिणीची मुलगी सुट्टीला आली. बारावीला आहे. तुर्कस्तानच्या मालिका हिंदीत डब होऊन मोबाइलवर येतात ना, त्या बघून तिला तुर्की भाषेचं वेड लागलंय. ॲपवरून शिकतेय. मी सहज विचारलं, "तुर्कीत चार्जला काय म्हणतात गं?" तर ती म्हणाली, "मावशी, कोणता चार्ज?"

मैत्रिणींनो, हाच प्रश्न आमच्या ताईने विचारायला हवा होता! मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. एका बाजूला तिची तुर्की, एका बाजूला माझी मराठी. इंग्रजीने एकाच पोत्यात भरलेलं धान्य आम्ही निवडून वेगळं केलं.

आधी हा शब्द आला कुठून ते सांगते. जुन्या लॅटिन भाषेत गाडीला 'कार्रुस' म्हणत. त्यावरून गाडीवर माल लादण्याचा शब्द झाला. तो फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत चार्ज म्हणून आला. म्हणजे चार्जचा मूळ अर्थ लादणं, भार टाकणं. आता पुढचे सगळे अर्थ ऐकताना ही भरलेली गाडी डोळ्यापुढे ठेवा.

पहिला, मोबाइलचा चार्ज. तुर्कीत याला 'शार्ज' म्हणतात. त्यांनी तो फ्रेंचमधून घेतला, आपण इंग्रजीतून घेतला. 'शार्जम बित्ती' म्हणजे 'माझं चार्जिंग संपलं'. बघा, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. बॅटरीत आपण वीज भरतो, गाडीत माल भरतो तशी. पण विज्ञानाच्या पुस्तकातला जो चार्ज, त्याला तुर्कीत 'यूक' म्हणतात. यूक म्हणजे ओझं. आपल्या मुलांच्या पुस्तकात त्यालाच विद्युतप्रभार म्हटलंय.

दुसरा, पैशाचा चार्ज. तुर्कीत 'उज्रेत'. त्याला 'सिझ' जोडलं की 'उज्रेतसिझ', म्हणजे मोफत. गंमत अशी की तुर्कीत मजुरीलाही उज्रेतच म्हणतात. म्हणजे त्यांच्याही काही शब्दांत दोन-दोन अर्थ आहेत. मराठीत या चार्जला शुल्क किंवा आकार म्हणतात. घरचं वीजबिल काढून बघा. त्यावर 'स्थिर आकार' आणि 'वहन आकार' लिहिलेलं असतं. त्याच बिलावर 'मंजूर भार' असंही असतं. आकार म्हणजे द्यायचे पैसे आणि मंजूर भार म्हणजे तुमच्या जोडणीवर किती वीज वापरायची परवानगी आहे ते. बँकेने पैसे कापले आणि 'चार्ज आहे' एवढंच सांगितलं, तर तिथे थांबू नका. कशाचं शुल्क, ते विचारा. मेसेजचं, कार्डाचं, की शिल्लक कमी पडल्याचं? जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक ठेवायची सक्ती नसते. त्यामुळे शिल्लक कमी पडली म्हणून त्यात दंड लागत नाही.

तिसरा, कारभाराचा चार्ज. भाऊसाहेबांकडे दोन सज्जांचा चार्ज, म्हणजे कार्यभार. आपल्या गटातही अध्यक्ष आणि सचिव बदलतात, तेव्हा आपण चार्ज देतो-घेतो. इथे एक सांगते. चार्ज नुसता तोंडी देऊ नका. इतिवृत्ताची वही, बचत-कर्जाची वही, पासबुक, चेकबुक, शिक्का, हातातली रोख, या सगळ्याची यादी करा आणि देणारीची, घेणारीची अशा दोघींच्या सह्या घ्या. बँकेत सह्यांची नावं बदलायचा ठरावही त्याच बैठकीत लिहा. ज्याच्याकडे चार्ज असतो त्याला तुर्कीत 'सोरुमलू' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

चौथा, चार्जशीटमधला चार्ज, म्हणजे आरोप. तुर्कीत आरोपाला 'सुचलामा' म्हणतात, 'सुच' म्हणजे गुन्हा. आणि खटल्यातल्या चार्जशीटला 'इद्दियानामे'. हा 'नामे' ओळखीचा वाटला का? पंचनामा, करारनामा, जाहीरनामा यांतला जो नामा, तोच हा. मूळ फारसी शब्द, तुर्कीतही गेला आणि मराठीतही आला. आपण चार्जशीटला दोषारोपपत्र म्हणतो. आरोप या शब्दाचाही मूळ अर्थ 'वर ठेवणं' असाच आहे, म्हणून तर आपण आरोप 'ठेवतो'. गावात कुणावर चार्जशीट आली की लोक त्याला लगेच गुन्हेगार ठरवतात. पण दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांचं म्हणणं. दोषी आहे की नाही, हे पुढे न्यायालय ठरवतं.

पाचवा, लाठीचार्जमधला. अंगावर धावून जाणं. तुर्कीत 'हुजूम', मराठीत हल्ला किंवा चाल करून जाणं.

आणि सहावा, आमच्या ताईला नडलेला. जमिनीवरचा चार्ज. कर्जासाठी जमीन किंवा घर तारण असेल तर तुर्कीत 'इपोतेक' म्हणतात. तिथे फी सांगायला उज्रेत आणि तारण सांगायला इपोतेक. म्हणून 'किती चार्ज?' आणि 'कसला चार्ज?' यांची गल्लत तुर्की बाईची तिच्या भाषेत झालीच नसती. आपली तरी का व्हावी? आपल्याकडेही शुल्क आणि बोजा हे दोन स्वतंत्र, रोजचे शब्द आहेत. साहेब चार्ज म्हणाले आणि आपणही चार्ज म्हणालो, तिथे घोटाळा झाला.

बोजा बघायचा असेल तर सातबारावर 'इतर अधिकार' हा भाग वाचा. कर्ज देणाऱ्याचं नाव आणि रक्कम तिथे लिहिलेली असते. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. कर्ज फिटलं की बोजा आपोआप गेला असं धरून चालू नका. बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्या, तो जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या आणि फेरफार झाल्यावर नवा उतारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणखी एक गोष्ट. उमेद अभियानातल्या बचत गटांना 20 लाखांपर्यंत कर्ज देताना तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गटाच्या अशा कर्जासाठी कुणी जमिनीवर चार्ज चढवायची भाषा केली, तर सही न करता आधी मला किंवा आपल्या सीआरपी ताईला फोन करा.

आता कागद समोर आला आणि त्यात हा शब्द दिसला, तर तीन प्रश्न विचारायचे. एक, हा चार्ज म्हणजे पैसे, बोजा की जबाबदारी? दोन, किती आणि कधीपर्यंत? तीन, तो संपल्याचा कागद मला कोण देणार? विचारताना मराठी शब्दच वापरा. "साहेब, हे शुल्क आहे की बोजा?" असं विचारलं की समोरच्यालाही तसंच नेमकं उत्तर द्यावं लागतं. वैयक्तिक कर्जासाठी तर 1 ऑक्टोबर 2024 पासून बँकेने कर्जाचा सगळा तपशील एका पत्रकात, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा आहे. व्याज आणि सगळी शुल्कं त्यात लिहिलेली असतात. ते पत्रक मागून घ्या, घरी आणा, गटात वाचा.

काही जणींना वाटतं, प्रश्न विचारला तर आपण अडाणी दिसू. म्हणून तो 'सोरुमलू' शब्द राखून ठेवला होता. तुर्कीत 'सोरू' म्हणजे प्रश्न. त्याच मुळातून सोरुमलू, म्हणजे ज्याला प्रश्न विचारायचा तो. आपण त्यालाच जबाबदार म्हणतो, म्हणजे ज्याने जबाब द्यायचा तो. एका भाषेने विचारणाऱ्याच्या बाजूने बघितलं, दुसरीने उत्तर देणाऱ्याच्या. खुर्चीचा चार्ज घेतलेल्या माणसाला विचारणं हा उद्धटपणा नाही, त्याच्या खुर्चीचं ते कामच आहे.

आमच्या ताईच्या उताऱ्यावरचा बोजा आता निघाला आहे. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. परवा बैठकीत कुणीतरी म्हणालं, "मोबाइलला चार्ज नाही," तर ताई लगेच म्हणाली, "कोणता चार्ज?" सगळ्या हसलो. पण तिने ते हसण्यावारी नेलं नाही. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपापला सातबारा घेऊन यायचा आणि 'इतर अधिकार' मोठ्याने वाचायचं, असा ठराव तिनेच मांडला.

तुमच्या गटातही एकदा हे करून बघा. उताऱ्यावर काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार!