मनावरील आघात व स्वीकाराचा उपचार

ता. १५ जून २०२५ रोजीं, रविवारीं, आपल्या मावळांत इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसह कोसळला. चौघे मृत्यु पावले व पन्नासांहून अधिक जखमी झाले. मोडलेलीं हाडें सांधतात. परंतु जो मनुष्य अशा पाण्यांतून वांचून घरीं येतो, त्याच्या मनाचें पुढें काय होतें, हें वृत्तपत्रांत फारसें येत नाहीं.

अशा एखाद्या मनुष्याची कल्पना करा. पुलाचें नांव निघालें कीं त्याची छाती धडधडते. म्हणून तो पूल टाळतो. मग नदी टाळतो, आणि पुढें पावसाची सर आली तरी दारें लावून घेतो. टाळल्यानें घटकाभर बरें वाटतें, हें खरें. पण प्रत्येक वेळीं त्याचें जग थोडें लहान होतें, व भीति मात्र तशीच राहते. आप्तमंडळी सांगतात, "विसरून जा." सल्ला प्रेमाचा, पण निरुपयोगी. पडताळा पाहावयाचा असेल तर पुढील एक मिनिट नागफणीचा सुळका मनांत मुळींच आणावयाचा नाहीं, असा निश्चय करून पाहा!

हें मर्म ओळखून ज्यांनीं उपचारपद्धति बसविली, ते स्टीव्हन हेज हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. जन्म १९४८ चा. १९७८ सालीं, तरुण प्राध्यापक असतांना, विभागाच्या एका सभेंत ज्येष्ठांचा कडाक्याचा वाद चालला होता. हेज मध्यें बोलूं गेले आणि तोंडांतून शब्दच फुटेना. भीतीचा तो पहिला झटका. पुढें दोन-तीन वर्षें ते भीतीशीं झगडले, आणि जों जों झगडले तों तों ती वाढली. अखेरीस एका रात्रीं त्यांनीं ठरविलें कीं, यापुढें स्वतःपासून पळावयाचें नाहीं. आईबापांचें भांडण पलंगाखालीं लपून ऐकणारा भेदरलेला मुलगा आपल्यांत अजूनहि आहे, हें त्यांना मागाहून उमगलें. १९९९ मध्यें स्ट्रोसाल व विल्सन या सहकाऱ्यांसह त्यांनीं या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. 'ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी' हें तिचें नांव. आपण तिला स्वीकार व संकल्प यांची पद्धति म्हणूं.

या पद्धतींत मोटारहांक्याचा एक दृष्टांत देतात. तो आपल्याकडे आणून सांगतों. तुम्ही एस्. टी. घेऊन बोरघाट चढत आहां. मागचे कांहीं उतारू ओरडतात, "पुढें जाऊं नकोस, पूल पडेल!" गाडी थांबवून त्यांच्याशीं वाद घालीत बसलें तर गांव येणार नाहीं, त्यांना उतरवितांहि येत नाहीं. ते ओरडत असतांनाच गाडी हांकावयाची. हे उतारू म्हणजे आठवणी. म्हणून उपचारक रोग्यास "मी बुडणार" याऐवजीं "मी बुडणार असा विचार मला येत आहे" असें म्हणावयास शिकवितो. छातींतील धडधड न पळतां न्याहाळावयास लावतो. मग विचारतो, "तुम्हांला जावयाचें कोठें आहे?" मुलीच्या शाळेची वाट पुलावरूनच असेल, तर तिच्यासाठीं पहिलें पाऊल.

स्वीकार म्हणजे शरणागति नव्हे. पूल कां कोसळला याचा जाब विचारणें आणि मनांतील भीतीस जागा देणें, या दोहोंत कांहींच विरोध नाहीं. इंदोरीजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकाराममहाराज एकांतांत बसत. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली. तें दुःख त्यांनीं अभंगांत झांकून ठेविलें नाहीं.

ही पद्धति म्हणजे रामबाण नव्हे. आघातावर अधिक पारखलेल्या दुसऱ्याहि पद्धति आहेत. निवड जाणत्यानेंच करावी. आपल्या वर्गांत असा कोणी सोबती असेल तर "काय झालें तें सांग" असा आग्रह धरूं नका. तो बोलेल तेव्हां ऐका. महिना उलटूनहि त्याला झोप येत नसेल, तर शिक्षकांना किंवा त्याच्या घरीं कळवा. टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनिसेवा २०२२ पासून चालू असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. तेथें मराठींतहि बोलतां येतें.