सगळी सोंगे आणली, पैशाचे आणता आले नाही!

इंग्लंडच्या संसदेचे नवे अधिवेशन सुरू होते, त्या दिवशी लंडनमध्ये एक गमतीदार दृश्य पाहायला मिळते. राजा शाही बग्गीतून वेस्टमिन्स्टरला येतो, डोक्यावर मुकुट चढवून उमरावांच्या सभागृहात, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, सिंहासनावर बसतो आणि लोकांनी निवडून दिलेल्या खासदारांना बोलावणे धाडतो. निरोप नेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात काळी छडी असते, म्हणून त्या पदाचे नावच 'ब्लॅक रॉड'. हा निरोप्या हाऊस ऑफ कॉमन्सच्या दाराशी पोहोचतो न पोहोचतो, तोच दार त्याच्या तोंडावर धाडकन बंद केले जाते! मग छडीने तीन वेळा ठोठावायचे, तेव्हा कुठे ते उघडते. तेवढ्या वेळात तिकडे बकिंगहॅम राजवाड्यात एका खासदाराला चक्क 'ओलीस' ठेवलेले असते. राजा सुखरूप परतला, की त्याची सुटका!

आज हा रिवाज हसतखेळत पाळला जातो. पण त्या बंद दारामागे एका राजाचे तुटलेले शीर आहे, हजारोंचे रक्त आहे आणि एक अगदी साधा प्रश्न आहे: रयतेच्या खिशात हात घालण्याचा अधिकार कुणाचा?

आधी गाऱ्हाणे, मग पैसा

हे भांडण तसे जुनेच. 1215 साली जॉन राजाच्या जाचाला कंटाळलेल्या सरदारांनी थेम्स नदीकाठच्या रनीमीड येथे त्याला कोंडीत पकडले आणि 'मॅग्ना कार्टा' या सनदेवर त्याची मोहोर उमटवून घेतली. खास कर बसवायचा तर राज्यातल्या प्रमुखांची संमती हवी, हे कलम तिच्यात होते. पुढे 1265 साली सायमन द माँटफोर्टने भरवलेल्या संसदेत सरदारांबरोबर शहरांचे प्रतिनिधीही बसले.

राजाला लढाया हव्या असत आणि लढायांना पैसा लागे. पैसा होता जमीनदारांकडे आणि व्यापाऱ्यांकडे. त्यामुळे एक रीतच पडून गेली. राजाने पैसा मागायचा, संसदेने आधी आपली गाऱ्हाणी मांडायची आणि त्यांची दाद लागली की थैलीचे तोंड सैल करायचे. शतकानुशतके हा व्यवहार कुरबुरत का होईना, पण चालला. तो मोडला चार्ल्स पहिला गादीवर आल्यावर.

वीस शिलिंगांचा हट्ट

1625 साली चार्ल्स राजा झाला. ठेंगणा, बोलताना अडखळणारा, चित्रांचा शौकीन आणि बायकामुलांवर जीव असलेला हा माणूस घरात उत्तम होता. पण राजाला सत्ता परमेश्वराने दिली आहे, तिचा हिशेब माणसांना का द्यायचा, हे त्याच्या मनात पक्के रुजलेले होते.

आयात-निर्यातीवरची जकात नव्या राजाला तहहयात मंजूर करण्याची प्रथा होती. कॉमन्सने चार्ल्सला ती एकाच वर्षासाठी देऊ केली. राजा संतापला. त्याने श्रीमंतांकडून सक्तीने कर्ज उकळले आणि नकार देणाऱ्यांना खटला न चालवताच तुरुंगात टाकले. 1628 साली संसदेने 'हक्कांचा अर्ज' पुढे केला. संसदेच्या संमतीशिवाय कर नाही आणि कारण दाखवल्याशिवाय कैद नाही, अशी त्यातली मागणी होती. पैशाची निकड असल्यामुळे राजाने तो मान्य केला, पण मनापासून नव्हे. पुढच्याच वर्षी, 2 मार्च 1629 रोजी, त्याने सभागृह तहकूब करण्याचा हुकूम पाठवला. सभापती उठू लागले, तेव्हा सदस्यांनी त्यांना खुर्चीतच दाबून धरले आणि राजाच्या कारभाराविरुद्धचे ठराव ओरडून मंजूर केले!

त्यानंतर चार्ल्सने अकरा वर्षे संसदच बोलावली नाही. पण राज्य चालवायला पैसा हवाच. जुनी दप्तरे धुंडाळून त्याच्या सल्लागारांनी 'जहाजपट्टी' शोधून काढली. युद्धाच्या धोक्यात किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी द्यायची ही पट्टी 1635 पासून समुद्राचे तोंडही न पाहिलेल्या परगण्यांवरही बसली, आणि तीही ऐन शांततेत.

बकिंगहॅमशायरमधल्या जॉन हॅम्पडन नावाच्या जमीनदाराने ती भरायला नकार दिला. खटल्यातली रक्कम होती वीस शिलिंग, म्हणजे अवघा एक पौंड! हॅम्पडन सहज भरू शकला असता. पण प्रश्न पौंडाचा नव्हता. आज राजाला न विचारता एक पौंड घेऊ दिला, तर उद्या तो काय काय घेईल? बारा न्यायाधीशांपुढे खटला चालला आणि 1638 मध्ये निकाल लागला. सात राजाच्या बाजूने, पाच विरुद्ध. कागदावर राजा जिंकला, पण पाच न्यायाधीश विरुद्ध गेले ही बातमी देशभर पसरली आणि पट्टी वसूल होणे कठीण होऊन बसले.

तेवढ्यात स्कॉटलंड पेटले. चार्ल्सने तिथल्या चर्चवर नवी प्रार्थनापोथी लादली होती. बंड मोडायला सैन्य हवे आणि सैन्याला पगार! सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. 1640 साली राजाला संसद बोलावणे भागच पडले. पहिली त्याने तीन आठवड्यांत मोडली. नोव्हेंबरमध्ये दुसरी भरली. अकरा वर्षांची गाऱ्हाणी गाठीशी बांधून आलेल्या या संसदेने जहाजपट्टी बेकायदा ठरवली आणि राजाचा उजवा हात असलेल्या स्ट्रॅफर्डला वधस्तंभाकडे पाठवले.

पक्षी उडाले!

4 जानेवारी 1642. जॉन पिम, हॅम्पडन आणि आणखी तिघे, अशा पाच सदस्यांवर राजाने राजद्रोहाचा आरोप ठेवला होता. सभागृह त्यांना हवाली करीना, तेव्हा चार्ल्स स्वतःच सुमारे चारशे सशस्त्र माणसे घेऊन वेस्टमिन्स्टरवर चालून गेला. सैनिकांना बाहेर ठेवून तो आत शिरला. सदस्यांनी उभे राहून टोप्या काढल्या. राजा सरळ सभापतींच्या खुर्चीपाशी गेला आणि आरोपी सदस्यांविषयी विचारू लागला. कुणी हूं की चूं केले नाही.

त्याने सभापती विल्यम लेंथॉल यांनाच विचारले. लेंथॉल काही मोठे शूर म्हणून प्रसिद्ध नव्हते. ते गुडघे टेकून बसले. पण त्यांनी दिलेले उत्तर आजही सांगितले जाते. या जागी सभागृहाने आज्ञा केल्यावाचून आपल्याला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, असे ते नम्रपणे म्हणाले. गुडघे राजापुढे टेकलेले, पण इमान सभागृहाशी!

राजाने बाकांवरून नजर फिरवली. पाचही पक्षी उडून गेले होते. खबर आधीच पोहोचल्याने ते थेम्समधून नावेने लंडन शहरात निसटले होते. चार्ल्स हात हलवीत परतला. आठवडाभरातच त्याने राजधानी सोडली. त्यानंतर आजतागायत इंग्लंडच्या कोणत्याही राजाने वा राणीने कॉमन्सचे कामकाज चालू असताना तिथे पाऊल टाकलेले नाही. ब्लॅक रॉडच्या तोंडावर दार आपटले जाते, ते या दिवसाची आठवण म्हणून.

घर फिरले

ऑगस्ट 1642 मध्ये नॉटिंगहॅम येथे राजाने युद्धाचे निशाण उभारले. हे युद्ध परक्यांशी नव्हते. ते घराघरांत शिरले. व्हर्नी कुटुंबाचेच पाहा. वडील सर एडमंड हे राजाचे निशाणबरदार. थोरला मुलगा राल्फ संसदेचा सदस्य. राजा सभागृहात शिरला त्या दिवसाचा वृत्तांत टिपून ठेवणाऱ्यांपैकी तो एक. युद्ध आले तेव्हा राल्फ संसदेच्या बाजूला राहिला आणि धाकटा एडमंड राजासाठी लढायला गेला. राजाचे सगळेच वडिलांना पटत होते असे नाही, पण इतकी वर्षे ज्याचे मीठ खाल्ले त्याला ऐन वेळी सोडायचे कसे? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एजहिलच्या लढाईत निशाण सांभाळताना ते मारले गेले. वीस शिलिंगांसाठी उभा राहिलेला हॅम्पडनही 1643 मध्ये रणांगणावरच्या जखमांनी गेला.

1645 साली नेझबी येथे ऑलिव्हर क्रॉमवेल आणि फेअरफॅक्स यांच्या नव्या सैन्याने राजाचा कणा मोडला. तडजोडीच्या बोलण्यांत राजाने दुहेरी खेळ खेळून विश्वास गमावला. अखेर सैन्याने नको असलेल्या सदस्यांना सभागृहाबाहेर काढले आणि उरलेल्यांनी राजावर खटला भरला.

20 जानेवारी 1649 रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुनावणी सुरू झाली. राजाच्या हातातल्या काठीची मूठ निखळून खाली पडली. कुणीतरी उचलून देईल म्हणून तो क्षणभर थांबला. कुणी पुढे झाले नाही. राजाने स्वतः वाकून ती उचलली. मात्र बोलताना तो एरवीसारखा अडखळला नाही. कोणत्या अधिकाराने माझा न्याय करता, एवढेच तो विचारत राहिला. मृत्युदंडाच्या हुकुमावर 59 जणांनी सह्या केल्या.

आदल्या दिवशी त्याची दोन मुले भेटीला आली, तेरा वर्षांची एलिझाबेथ आणि आठ वर्षांचा हेन्री. मुलाला मांडीवर घेऊन राजाने बजावले, की थोरले भाऊ जिवंत असताना या लोकांनी तुला राजा केले तरी होऊ नकोस. पोराने उत्तर दिले, की त्याआधी माझे तुकडे झाले तरी चालतील.

30 जानेवारीला कडाक्याची थंडी होती. कुडकुडलो तर लोकांना भीती वाटेल, म्हणून राजाने दोन सदरे चढवले. कुऱ्हाड पडली आणि गर्दीतून आनंदाचा नव्हे, तर कण्हण्याचा आवाज उठला.

राजा गेला, प्रश्न उरला

राजा गेला म्हणून संसद सुखी झाली का? मुळीच नाही! 1653 साली क्रॉमवेलनेच बंदूकधारी शिपाई आणून तिला हाकलून दिले. मुकुट नसला तरी तलवार हाती असलेल्यालाही संसद जड जाते, हे लोकांनी पाहिले. 1660 मध्ये चार्ल्सचा मुलगा, चार्ल्स दुसरा, परत बोलावला गेला.

त्याच्याही मागे पैशाची चणचण होतीच. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याशी 1661 साली ठरलेल्या विवाहात त्याला जे मिळाले, त्यात मुंबई बेटही होते! मात्र इतक्या दूरचे बेट सांभाळणे परवडेना, म्हणून 1668 साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले, वर्षाला दहा पौंड भाड्याने.

चार्ल्सचा धाकटा भाऊ जेम्स दुसरा गादीवर आला आणि बापाच्याच वाटेने गेला. 1688 साली त्याला परागंदा व्हावे लागले. संसदेने त्याची मुलगी मेरी आणि जावई विल्यम यांना गादी दिली आणि 1689 मध्ये हक्कांचा कायदा केला. संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, शांततेच्या काळात खडे सैन्य नाही, आणि सभागृहातल्या भाषणाबद्दल बाहेर कुणी जाब विचारायचा नाही. शिवाय खर्चाची मंजुरी वर्षावर्षाची, त्यामुळे संसद दरवर्षी बोलवावीच लागते. जे कुऱ्हाडीने साधले नाही, ते या वार्षिक हिशेबाने साधले.

आपल्या राज्यघटनेच्या 265व्या अनुच्छेदातही हेच आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही. दरवर्षी लोकसभेत अर्थसंकल्प मांडला जातो, आकडे वाचले जातात, सिगारेट महागली की स्वस्त झाली एवढेच घरोघरी पाहिले जाते. पण तो सरकारने मांडायचा आणि लोकप्रतिनिधींनी मंजूर करायचा, ही रीत काही कुणी फुकट दिलेली नाही.

12 सप्टेंबर 2022 रोजी, राणी एलिझाबेथच्या निधनानंतर, नवा राजा वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे उभा राहिला. पहिल्या चार्ल्सला मृत्युदंड सुनावला गेला, तेच हे दालन. नव्या राजाचे नाव होते चार्ल्स तिसरा. संसदेच्या थोर परंपरेबद्दल तो आदराने बोलला आणि पुढच्या वर्षी अधिवेशनाच्या उद्घाटनाला आला, तेव्हा कॉमन्सचे दार रीतीप्रमाणे त्याच्या निरोप्याच्या तोंडावर बंद झाले.