जुन्या छोट्या विमानाच्या लँडिंग गिअरमधील दोषनिदान : पायपर ॲरोच्या संदर्भात

पायपर कंपनीने १९६७ साली बाजारात आणलेले चेरोकी ॲरो हे एका इंजिनाचे, चार आसनांचे विमान. उड्डाणानंतर चाके आत ओढून घेण्याची सोय असलेली ही विमाने आता बरीच जुनी झाली असून त्यांच्या लँडिंग गिअरचे दोष यंत्रज्ञांना वारंवार हाताळावे लागतात. दोषनिदानापूर्वी यंत्रणेचे मर्म समजून घेणे अगत्याचे ठरते.

ॲरोची चाके वर धरून ठेवणारी कोणतीही यांत्रिक कडी नाही. विजेवर चालणारा पंप तेलाचा दाब निर्माण करतो आणि केवळ त्या दाबावर चाके वर राहतात. दाब सोडून दिला की ती स्वतःच्या वजनाने खाली येतात व स्प्रिंगच्या साहाय्याने आकड्यांत अडकतात. म्हणूनच चाके खाली न आल्याची तक्रार पुष्कळदा चाकांची नसून दिव्यांची असते. प्रत्येक चाकासाठी एक हिरवा दिवा असतो. रात्री डोळे दिपू नयेत म्हणून पॅनेलचे दिवे लावताच हे हिरवे दिवे मंद होतात. पॅनेलचे दिवे दिवसा चुकून चालू राहिले तर लख्ख उन्हात हिरवे दिवे दिसतच नाहीत. एकच दिवा लागत नसेल तर शेजारचा बल्ब तेथे बसवून पाहावा. तरीही अंधार राहिल्यास संशय त्या पायाच्या मायक्रोस्विचवर अथवा तारेवर जातो. मात्र आकडा खरोखर अडकला नसण्याची शक्यता तपासणी पूर्ण होईपर्यंत सोडता येत नाही.

उड्डाणात पंप थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल तर दाब कोठेतरी गळत आहे. बाहेरची गळती लाल तेलाच्या डागांवरून कळते. सिलिंडरमधील झिजलेल्या रबरी कड्यांमधून अथवा व्हॉल्व्हमधून होणारी आतली गळती मात्र डोळ्यांना दिसत नाही. या यंत्रणेत खनिज तेल वापरतात. त्याऐवजी मोटारीचे ब्रेक ऑइल घातल्यास रबरी कड्या खराब होतात. ही चूक क्षुल्लक वाटते, पण ती अत्यंत महागात पडते.

पंप मुळीच सुरू होत नसल्यास प्रथम सर्किट ब्रेकर, नंतर रिले व मोटर पाहावी. जमिनीवर चाके मिटू नयेत म्हणून डाव्या पायावर बसविलेला स्विच बिघडल्यास उड्डाणानंतरही चाके वर जात नाहीत. जुन्या ॲरोमध्ये वेग घटल्यास चाके आपोआप सोडणारे, हवेचा दाब मापणारे साधनही होते. त्याच्या नळीत पाणी किंवा कीटकांचे घर अडकले की चाके अकारण खाली येतात आणि दोष निष्कारण पंपावर ढकलला जातो. पुढे अनेक विमानांतून हे साधन काढून टाकण्यात आले.

खरी चाचणी विमान जॅकवर उचलूनच करावी लागते. तेथे समोरून येणाऱ्या वाऱ्याचा विरोध नसतो; त्यामुळे जॅकवर सुरळीत चालणारे चाक हवेत अडखळू शकते. वैमानिकाला आणीबाणीत वेग कमी करून चाके सोडावयास सांगतात, तेही याच कारणाने. दुरुस्तीनंतर पंपाने चाके नीट उतरली म्हणजे काम संपले, असे मानण्याची प्रवृत्ती आढळते. वास्तविक पंप बंद ठेवून, आणीबाणीचा दांडा खाली दाबून, चाके केवळ वजनाने उतरतात आणि तिन्ही आकडे अडकतात, हे त्याच वेळी तपासावयास हवे.