शववाहिनी घ्यावी, पण काच आणि कागद पाहून

१९८४ साली आलेल्या ‘घोस्टबस्टर्स’ या हॉलिवूडपटात डॅन अॅक्रॉइडने रंगवलेला शास्त्रज्ञ एक खिळखिळी, लांबलचक कॅडिलॅक घेऊन येतो. अवघ्या ४,८०० डॉलरमध्ये मिळाली, असे तो अभिमानाने सांगतो आणि त्याच दमात ब्रेकपासून गिअरबॉक्सपर्यंत काय काय दुरुस्त करावे लागेल, याची यादी ऐकवू लागतो. प्रेक्षक हसतात. अमेरिकेत जुन्या रुग्णवाहिका आणि शववाहिन्या जमवणाऱ्या हौशी मंडळींना मात्र या प्रसंगात आपल्या पहिल्या खरेदीची आठवण झाली, तर नवल नाही.

चित्रपटातील ती गाडी १९५९ची, ओहायो राज्यातील मिलर-मीटिअर कंपनीने बांधलेली. अमेरिकेत अशा गाड्यांना ‘प्रोफेशनल कार’ म्हणतात. रुग्णवाहिका आणि शववाहिनी यांची नावे एका दमात घेणे आपल्याकडे अशुभ मानले जाईल. तेथे मात्र त्यांचे नाते सख्ख्या बहिणींचे. माणसाला आडवे झोपवून नेता येईल, अशी गाडी गावात अंत्यविधी व्यावसायिकाकडेच असे. त्यामुळे आजाऱ्यालाही तोच रुग्णालयात पोहोचवी. नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या १९६६च्या अहवालानुसार देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अशा १२ हजार व्यावसायिकांच्या हाती होती. आज रुग्ण, तर उद्या शवपेटी वाहणाऱ्या ‘कॉम्बिनेशन’ गाड्याही बनत असत.

या अहवालाने आपत्कालीन सेवेतील उणिवांवर बोट ठेवले. १९७४मध्ये रुग्णवाहिकांसाठी केंद्रीय मानके आली आणि उंच छताच्या व्हॅन व ट्रकवर बांधलेल्या रुग्णवाहिकांचे युग सुरू झाले. १९७७मध्ये कॅडिलॅकने आपल्या गाड्यांचा आकार घटवला, तर १९७९मध्ये मिलर-मीटिअरचा मूळ कारखाना बंद पडला. शववाहिन्या पुढेही बनत राहिल्या. मोटारीवर बांधलेली रुग्णवाहिका मात्र त्या दशकाबरोबर जवळपास संपली. संग्राहकांची नजर असते ती प्रामुख्याने या काळापूर्वीच्या गाड्यांवर.

पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने या गाड्यांची घडण आधी समजून घेतली पाहिजे. कॅडिलॅककडून इंजिनासह मजबूत, लांब चॅसी आणि पुढचा भाग येई. मागचे सारे शरीर मिलर-मीटिअर किंवा सुपीरिअरसारखे कारखाने बांधत. साहजिकच इंजिन, ब्रेक, पुढचे दिवे यांचे सुटे भाग त्या काळच्या साध्या कॅडिलॅकइतकेच सहज मिळतात. परंतु मागचा दरवाजा, बाजूची लांब काच, तिच्याभोवतीची रबरी पट्टी हे सारे थोड्याच गाड्यांसाठी बनलेले. ते दुकानात मिळत नाही. तशीच दुसरी मोडीत निघालेली गाडी शोधावी लागते. म्हणूनच बंद पडलेले इंजिन परवडते, फुटलेली काच परवडत नाही. ‘स्वस्तात मिळतेय, उरलेले भाग नंतर जमवू’ हा विचार येथे सर्वांत महाग पडतो.

हाच नियम आतील सामानाला लागू. शववाहिनीत पेटी सरकवण्याचे रोलर आणि ती जागेवर धरून ठेवणाऱ्या खुंट्या, रुग्णवाहिकेत स्ट्रेचर, छतावरील दिवे व भोंगा जागेवर आहेत का, ते पाहावे. अनेकदा हे सामान गाडीआधीच विकले गेलेले असते.

शववाहिनीचे पूर्वायुष्य बहुधा सुखाचे असते. हळू चाल, रोजची धुलाई, रात्री छप्पर. तिचे हाल सुरू होतात दुसऱ्या मालकाकडे. कॅनडाचा गायक नील यंग याने १९६०च्या दशकात वाद्ये वाहण्यासाठी जुनी शववाहिनीच वापरली. शवपेटीसाठी बसवलेल्या रोलरवरून जड वाद्येही अलगद बाहेर येत. असे मालक लाभलेल्या गाडीचा अंतर्भाग शाबूत असण्याची अपेक्षा न केलेली बरी. रुग्णवाहिकेने तर भरधाव धावणे आणि इंजिन चालू ठेवून ताटकळणे, दोन्ही सोसलेले असते.

गंज शोधावा तो दाराखालच्या पट्ट्यांत, मागच्या दाराच्या उंबऱ्याशी आणि विशेषतः व्हिनाइलने मढवलेल्या छताखाली. आवरणाखाली पाणी मुरते आणि वरून काहीच दिसत नाही. हात फिरवताना फुगीर, खरबरीत लागले, तर आतला पत्रा गेला असे समजावे. पुट्टी भरून रंगवलेल्या पत्र्याला लोहचुंबक चिकटत नाही. ते खिशात असावे. आणि हो, घरचे गॅरेज आधी मोजावे. या गाड्या २० ते २१ फूट लांब भरतात. लाल दिवे आणि भोंगा रस्त्यावर वापरण्याबाबत राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत, तेही आधीच विचारून घ्यावेत.

राहता राहिले कागद. जानेवारी २०११मध्ये अॅरिझोनातील एका लिलावात करड्या रंगाची १९६३ची पाँटिअॅक बोनव्हिल रुग्णवाहिका आली. अध्यक्ष केनेडी यांचे पार्थिव अँड्र्यूज विमानतळावरून बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात नेणारी हीच ती, असा दावा होता. मूळ गाडी १९८६मध्येच चिरडून नष्ट केल्याची कागदपत्रे व छायाचित्रे केनेडी ग्रंथालयाकडे असल्याचे जाणकारांनी विक्रीपूर्वीच दाखवून दिले. तरीही बोली गेली १ लाख २० हजार डॉलरवर. पुढच्याच वर्षी डॅलसमध्ये केनेडींचे पार्थिव वाहणारी कॅडिलॅक शववाहिनी १ लाख ६० हजार डॉलरला गेली.

सामान्य खरेदीदाराच्या वाट्याला असा इतिहास येत नाही, पण छोट्या प्रमाणात प्रश्न तोच असतो. अमुक गावच्या रुग्णालयाची, तमुक घराण्याच्या अंत्यविधीगृहाची, अशी गोष्ट प्रत्येक विक्रेता सांगतो. तिच्यासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी मालकी हक्काच्या कागदावरील क्रमांक चॅसीशी जुळवावा, बांधणाऱ्या कारखान्याची स्वतंत्र पट्टी जागेवर आहे का ते पाहावे आणि मूळ संस्थेचे नाव असलेले बिल वा जुने छायाचित्र मागावे. १९७६मध्ये स्थापन झालेल्या प्रोफेशनल कार सोसायटीत अशा गाड्या बारकाईने ओळखणारे सदस्य आहेत. पैसे देण्यापूर्वी त्यांच्यापैकी एखाद्याला सोबत न्यावे. एका दिवसाचा खोळंबा होईल इतकेच.