दोन पानांचे वतन

नामिबच्या वाळवंटातील वेलविचिया आमच्या कातळावर लावता येईल काय, अशी पृच्छा रत्नागिरीच्या एका वाचकांनी केली आहे. मे महिन्यात सड्यावर गवताची काडीही हिरवी राहत नाही, हे पाहून त्यांस ही कल्पना सुचली असावी. परंतु जिचा संसार वर्षाकाठी शंभर मिलिमीटरांहूनही कमी पावसावर आणि समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर चालतो, ती येथील तीन हजार मिलिमीटरांच्या वर्षावात श्रावण तरी पाहील काय, याची मला शंकाच आहे.

ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक वेलविच यांना ही वनस्पती १८५९ च्या सप्टेंबरात दक्षिण अंगोलात प्रथम दिसली, तेव्हा हात लावताच हा भास विरून जाईल या भयाने ते नुसते गुडघे टेकून पाहत राहिले, असे सांगतात. त्यांनी स्वतः तिला तेथल्या बोलीतील ‘तुम्बो’वरून नाव सुचविले होते, पण १८६३ मध्ये जोसेफ हूकर यांनी दप्तरी नोंद केली ती शोधकाच्याच नावाने.

बी रुजते, दोन बीजपत्रे येतात, मग दोन पाने, आणि तेवढ्यावर खोडाचा शेंडा मरून जातो. पुढे नव्या पानाला सनद नाही. या दोघांचे वतन मात्र आजन्म, विनाफेरफार! पान बुडाशी वाढते आणि टोकाशी झिजते. मागावर एकीकडे कापड विणले जावे आणि दुसरीकडे वाऱ्याने त्याच्या चिंध्या कराव्यात, तसा हा प्रकार. चिंध्यांचा तो ढीग पाहून पाने शेकडो वाटतात, असतात दोनच. काही झाडे हजार वर्षांपलीकडची असावीत, असे अनुमान आहे. मथळ्यांतली सरसकट दोन हजार वर्षे मात्र मी जमेस धरीत नाही.

या वाळवंटी वतनदाराचे हयात भाऊबंद दोनच, इफेड्रा आणि नीटम. आणि नीटमची एक जात, कुंबळ ऊर्फ उंबळी, कोकणच्या रानांत थोर वृक्षांवर चढलेली असते. फुगीर पेऱ्यांवर समोरासमोर येणारी तिची जाळीदार शिरांची पाने भल्याभल्यांना चकवतात. पिकून केशरी-तांबडे होणारे तिचे ‘फळ’ तर फळ नव्हेच, ते देवदाराच्या गोत्रातले उघडे बीज. पंचानन माहेश्वरी आणि विमला वासिल यांनी १९६१ मध्ये नीटमवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्याची आठवण आज कोणास आहे?

तेव्हा वाचकांनी नामिबचे बी मागविण्याऐवजी जवळच्या देवरहाटीत जावे, आणि असा वेल आढळल्यास कोयता कमरेच्या आकडीतच राहू द्यावा.