स्तनातील गाठ : स्पर्शनपरीक्षा आणि वैद्याचे उत्तरदायित्व

स्तनातील गाठीविषयी रुग्णा सहसा आरंभी बोलत नाही. ती अम्लपित्तासाठी किंवा कंबरदुखीसाठी येते आणि पुड्या घेऊन उठताना हळूच सांगते, "इथे हाताला काहीतरी लागतं, पण दुखत नाही." काही वर्षांपूर्वी अशाच एका छत्तीस वर्षांच्या रुग्णेला प्रस्तुत लेखकाने कांचनार गुग्गुळ व लेप देऊन सहा आठवड्यांनी बोलावले. धाकट्या मुलाचे अंगावरचे दूध नुकतेच सुटले होते. गाठ दुधाचीच असावी असे सासूबाईंचे म्हणणे होते आणि मीही ते मान्य केले. रुग्णा परतली ती चार महिन्यांनी. तेव्हा काखेतही गाठ लागत होती.

"दुखत नाही" या शब्दांनी रुग्णेला धीर येतो. वैद्याने मात्र तेथेच सावध व्हावयास हवे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात केलेले अर्बुदाचे वर्णन आपण सर्वांनी पाठ केलेले आहे : वृत्त, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे. स्तनकर्करोगाची आरंभीची गाठ बहुधा अशीच कठीण, अनियमित कडांची व वेदनारहित असते. त्याच ग्रंथात कन्यांच्या स्तनातील धमन्यांची मुखे संवृत असल्याने त्यांना स्तनरोग होत नाहीत, असेही म्हटले आहे. या वचनाचा आधार घेऊन अप्रसूता स्त्रीच्या गाठीकडे दुर्लक्ष करणे घातक ठरेल. अपत्य नसणे किंवा पहिले अपत्य तिशीनंतर होणे, यांमुळे या व्याधीचा धोका वाढतो, हे आता सिद्ध आहे.

भारतात २०२२ साली या व्याधीचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण व सुमारे ९८ हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. मृत्यूचे हे प्रमाण मोठे असण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे विलंब. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून शहरातील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या स्त्रियांत रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढील गटात स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील गटात मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तरीही ज्या देशात मॅमोग्राफी सर्वांच्या आवाक्यात नाही, तेथे हाताच्या बोटांनी एवढे साधते, ही दर्शन-स्पर्शन-प्रश्न शिकलेल्या वैद्यास मोठी आश्वासक गोष्ट वाटावी.

परीक्षा करताना स्त्री परिचारिका किंवा नातलग स्त्री सोबत असावी. प्रथम रुग्णेस बसवून, हात वर करावयास सांगून दोन्ही स्तनांची तुलना करावी. त्वचा खेचली गेली आहे काय, संत्र्याच्या सालीसारखी दिसते काय, स्तनाग्र नव्याने आत वळले आहे काय, त्यातून आपोआप रक्तमिश्रित स्राव येतो काय, हे पाहावे. नंतर निजवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, हलका, मध्यम व खोल अशा तीन दाबांनी, गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत संपूर्ण भाग चाचपावा. काख विसरू नये. घाईत नेमकी तीच राहते. पाळी चालू असलेल्या स्त्रीत पाळी संपल्यानंतरचे दिवस यासाठी सोयीचे.

स्तनविद्रधीचाही एक सापळा आहे. स्तन लाल, उष्ण व सुजलेला असूनही ज्वर नाही, पूय नाही आणि एकदोन आठवड्यांच्या योग्य उपचाराने उतार नाही, तर तो शोथ कर्करोगाचाही असू शकतो. अशा वेळी लेप बदलत बसू नये.

प्रतिबंधाविषयी थोडे. दीर्घकाळ स्तनपान, नियमित व्यायाम, रजोनिवृत्तीनंतर मेदोवृद्धी टाळणे व मद्यवर्जन यांनी धोका काहीसा कमी होतो. नाहीसा होत नाही. आई, बहीण किंवा मावशी यांना तरुणपणी हा व्याधी झाला असल्यास ते आवर्जून विचारावे. अमुक रसायन घेतल्यास कर्करोग होणार नाही, असे आश्वासन मात्र आपल्यापैकी कोणीही देऊ नये. तसा पुरावा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णा प्रथम आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, असे उद्दिष्ट ठेवले. माझ्या सहा आठवड्यांच्या गुग्गुळाने त्यातील ४२ दिवस घेतले असते. म्हणून आता कोणतीही नवी गाठ आढळली की त्याच दिवशी चिठ्ठी लिहितो : कोणता स्तन, कोणता भाग, अंदाजे आकार, चल की स्थिर, काखेची स्थिती. "सुई टोचली की गाठ पसरते" ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. सुईने तुकडा घेऊन तपासल्याने रोग बळावत नाही, हे पतीला व सासूबाईंनाही समोर बसवून सांगावे लागते. बहुसंख्य गाठी साध्याच निघतात, हेही त्याच वेळी सांगतो. रुग्णेचा दूरध्वनी क्रमांक वहीत टिपून ठेवतो आणि आठ दिवसांत अहवाल घेऊन ती आली नाही, तर आम्हीच फोन करतो.