पराग पडला की दाणा भरला?

‘परागकण म्हणजे झाडाचा शुक्राणू’ असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात परागकण म्हणजे दोन-तीन पेशींचं स्वतंत्र नर-रोपटंच. नरपेशी तयार होतात त्याच्या पोटात. त्याचं चिवट कवच त्यांना उन्हावाऱ्यात काही काळ तरी सांभाळतं. नेच्यांकडे ही सोय नाही. त्यांच्या नरपेशी पोहतच जातात, त्यामुळे पाण्याचा निदान पातळ थर हवाच.

दुसरा समज अधिक पक्का: वाऱ्याने किंवा मधमाशीने पराग आणून टाकला की काम झालं. मक्याचं कणीस सोलताना हाताला चिकटणारे केस आठवा. एकेक केस एकेका होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेला असतो. तुऱ्यातून उडालेला परागकण केसावर पडतो, तिथला ओलावा शोषतो आणि नळी काढतो. ही परागनलिका केसाच्या आतून, कधी वीतभर अंतर वाढत, बीजांड गाठते. त्याला साधारण एक दिवस लागतो. नरपेशी पोहत नाहीत, नळीतून नेल्या जातात. पाण्याची गरज संपलेली नाही. फक्त ते पावसाऐवजी मादी फूल पुरवतं. म्हणूनच ऐन तुऱ्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला तर केस उशिरा निघतात, तोवर पराग झडून गेलेला असतो. दाण्यांच्या जागा मोकळ्या राहतात आणि बोल लागतो बियाण्याला. टोकाकडचे केस सगळ्यांत शेवटी निघतात, त्यामुळे रिकामं राहतं ते बहुधा कणसाचं टोकच.

नळीतून एक नाही, दोन नरपेशी जातात. एक अंडपेशीला मिळते, त्यातून गर्भ होतो. दुसरीमुळे त्या गर्भाची शिदोरी तयार होते. फुलझाडांतलं हे दुहेरी फलन सर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली दाखवून दिलं. मक्याच्या भाकरीचं पीठ म्हणजे मुख्यतः ही शिदोरीच. शहाळ्याचं पाणीसुद्धा तीच, अजून पातळ असलेली.

बी धरणाऱ्या सगळ्याच झाडांनी पोहणं सोडलं, असंही नाही. बंगल्यांच्या दारात शोभेला लावलेलं सायकस (लोक त्याला पाम म्हणतात, ते पाम नव्हे) अजून ते करतं. त्याच्या नरपेशी हजारो कशाभिका हलवत पोहतात, पण बीजांडाच्या आतल्या थेंबभर द्रवात. जपानमध्ये १८९६ साली साकुगोरो हिरासे यांना गिंकगोत आणि सेइइचिरो इकेनो यांना सायकसमध्ये अशा नरपेशी सापडल्या.

राहिली बी. जितकी सुकवावी तितकी ती टिकते, हे सरसकट खरं नाही. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली रुजली. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी मात्र पूर्ण सुकली की मरते. त्यामुळे कोयीपासून रोपं करायची तर त्या ताज्या असतानाच लावाव्या लागतात. पुढच्या हंगामासाठी डब्यात भरून ठेवलेल्या कोयी काही उगवत नाहीत.